साडेसातची पॅसेंजर

रेल्वे फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये चहा पिता पिता बाबा गेले. आत्याने हंबरडा फोडला, तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. साडेसातची पॅसेंजर आधीच्या स्टेशनातून सुटली होती. मी बाबांची मान खुर्चीला नीट टेकवली आणि त्यांचं हिरवं निशाण उचललं. "अगं, बाप गेलाय आणि तू कुठे निघालीस?" "फाटक लावायला, आत्या. उघडं कसं टाकू?" रस्त्याने शाळेची बस येत होती. मी दांडा फिरवून फाटक लावलं आणि बाबा उभे राहायचे तिथे उभी राहिले. वळणावर गाडी हळू झाली. ड्रायव्हर रोजच्यासारखा खिडकीतून वाकला. "काय गं, आज म्हाताऱ्याला सुट्टी वाटतं?" "हो काका," मी म्हणाले आणि निशाण धरून ठेवलं. खरं सांगितलं असतं, तर त्याने गाडी थांबवली असती. एकतीस वर्षांत बाबांच्या फाटकाशी गाडी एकदाही अडली नव्हती.