दवात ठेवलेला वाडगा

मालसुनने वाडगा ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

“आज नको, सासूबाई.”

लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासूला तिने केलेला हा पहिला नकार, आणि तोही शेजारच्या यांगजीवालीसमोर. यांगजीवाली सोयाबीनची चटणी मागायला आली होती. वाटी बाजूला ठेवून ती ओट्यावर ऐसपैस बसली.

“घ्या! शहाणी झाली हो तुमची सून. मूल काय आभाळातून पडणार आहे?”

सासूचा चेहरा लाल झाला. इकमोचो या कडू पाल्याचा हा या उन्हाळ्यातला पहिला रस. पाला खुडायचा, कुटायचा, फडक्यातून पिळायचा आणि रात्रभर अंगणातल्या रांजणांपाशी दवात ठेवायचा. दवाने गुण वाढतो, असं आमच्या गावात मानत. उन्हाने भूक मेली की पुरुषही नाक दाबून घोटभर घेत. बायकांची मात्र त्यातून सुटका नव्हती. पाळी चुकतमाकत येते, कूस उजवत नाही, बाळंतिणीचं अंग आवळत नाही, सगळ्याला हाच वाडगा. इकमोचो या नावाचा अर्थच मुळी ‘आईच्या भल्याचा पाला’.

“मी पाच उन्हाळे प्यायले, तेव्हा कुठे तुझा नवरा झाला. उचल तो वाडगा!”

मालसुन हलली नाही. चुलीवर भात रटरटत होता. वाफेचा वास अंगणात आला, तशी तिने बाही नाकाला लावून तोंड फिरवलं.

सासू बोलता बोलता थांबली. हा पाला रक्त खाली ओढतो. दिवस गेल्याची नुसती शंका आली, तरी आमच्याकडे वाडगा बंद होई.

“यांगजीवाली, घरी जा. तुझा भात करपतोय.”

“अहो, मी अजून चूलसुद्धा पेटवली नाही!”

“मग जाऊन पेटव.”

ती पुटपुटत गेली. सासू सुनेजवळ बसली.

“किती झाले?”

“दोन महिने.”

सासूने वाडगा उचलला आणि सगळा रस अंगणाबाहेर भिरकावला. तिला हसू आवरेना.

“वेडे, आधी माझ्या कानात नाही का सांगायचं? मी काय माझ्या हातानं नातवाला विष पाजणार होते?”

मालसुन खाली बघत राहिली.

“गेल्या उन्हाळ्यात पहिला वाडगा दिलात, तेव्हाही दोनच महिने झाले होते. तेव्हा नको म्हणायचा धीर झाला नाही. प्यायले मी.”