रिकामा पाट

शालूबाईंच्या पाटावर आता कुणाला बसवायचं, हे ठरवायला भावकीतली माणसं ओसरीवर जमली होती. सत्त्याण्णव सालची म्हसवडची यात्रा तोंडावर आली होती. पाट रिकामा ठेवून यात्रेला कोणत्या तोंडानं जायचं, असा भामाबाईंचा सवाल होता. भामाबाई शालूबाईंच्या थोरल्या जाऊ. त्यांच्या मनात नाव पक्कं होतं: शालूबाईंची लेक, वैजयंता.

शालूबाईंच्या अंगात म्हसवडचा नाथ आला तो मरणाआधीच्या तीन महिन्यांत, आणि तेव्हापासून माणसं त्यांना त्या पाटावर बसवू लागली. भांडं पडलं, कुणी टाळी वाजवली, की त्यांचं अंग ताडकन उडायचं, हात वर जायचा आणि पुढ्यातली माणसं जमिनीला डोकं टेकायची. तेव्हा त्यांना लेकीचं नावही आठवत नव्हतं. पण देवाला कशाला लेकीचं नाव ठाऊक असेल, अशी माणसांनी समजूत काढली. ज्यांनी जन्मात शालूबाईंना कधी चहा विचारला नव्हता, तीही नारळ घेऊन दारात येऊ लागली.

मुलगा शंभूराज फौजेत. रजेवर आला तो आईला जीपमध्ये घालून थेट सांगलीला घेऊन गेला. ती गेल्यावर मेंदू तपासायची परवानगीही त्यानंच दिली. भावकीनं त्याला हे अजून माफ केलं नव्हतं. आज निकाल सांगायला सांगलीहून डॉक्टर चारुशीलाबाई स्वतः आल्या होत्या. सगळी जमलेली असतील त्याच वेळी या, असं शंभूराजनंच त्यांना कळवलं होतं.

"म्याडम, सांगा यांना," तो म्हणाला. "आईच्या अंगात कुनी आलं नव्हतं. रोग हुता."

"रोगच होता. मेंदूचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यानंच अंग उडत होतं, त्यानंच विसर पडत होता."

शंभूराज थोडा पुढे सरकला. आईचं मरण त्यानं सोसलं होतं. रात्री डोळा लागू न देणारी गोष्ट वेगळीच होती.

"मला हुईल का? मला झाला तर होऊ दे. वैजूला?"

"बहुतेक नाहीच. दहा लाखांत एखाद्याला होतो हा."

एवढ्यावर बाई थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांतली भीती बघून त्यांना कणव आली, आणि धीर देण्याच्या भरात त्या दोन वाक्यं जास्त बोलल्या.

"हे बघा, या रोगातलं प्रथिन काही बाहेरून आलेलं नसतं. ते निरोगी माणसातही असतं. लाळेच्या ग्रंथीत असतं, आतड्यात, मूत्रपिंडात असतं. तुमच्यात आहे, माझ्यात आहे, इथं बसलेल्या प्रत्येकात आहे. जन्मभर गप्प राहतं. त्याचं नेमकं काम काय, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. तुमच्या आईंमध्ये त्याची घडी बिघडली, इतकंच."

"कशानं बिघडली?" भामाबाई इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलल्या.

"ते सांगता येत नाही."

"आन् एकदा बिघडल्यावं?"

"मग त्याच्या संगतीनं शेजारचं बिघडत जातं. थांबवता येत नाही."

भामाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, उलट माया होती.

"म्हंजी हाय समद्यांच्यात. गप ऱ्हातंय. कवा उठंल, कुनाच्यात उठंल, ते कुनाच्या हातात न्हाई. आवं बाई, मग आमी तरी येगळं काय म्हनतोय?"

ओसरीभर माना हलल्या. "तसं नाही, माझं ऐका," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण आता कुणाला ऐकायचं नव्हतं. सांगलीची एवढी शिकलेली डॉक्टरीण घरी येऊन सांगून गेली, हे उद्या गावभर होणार होतं. शंभूराजचा चेहरा पार उतरला.

भामाबाईंनी वैजयंताचा हात धरला, तिला पाटावर बसवलं आणि कपाळाला भंडारा लावला. शंभूराज उठायला गेला. दोघा चुलत्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, प्रेमानंच. वैजयंता बावीस वर्षांची पोर, आई गेल्यापासून पोटभर जेवलीसुद्धा नव्हती.

"नाथबाबाच्या नावानं चांगभलं."

वैजयंता होती तशी बसून राहिली. माणसांनी पुन्हा गजर केला, या वेळी मोठ्यानं. तरी काही झालं नाही. सगळ्यांच्या नजरा तिच्या मांडीवरच्या उजव्या हातावर खिळल्या. भावकीला तो हात उठायला हवा होता. शंभूराजला तो उठायला नको होता, पण बघत तोही तिथंच होता.

चारुशीलाबाईंना सगळं ठाऊक होतं. दहा लाखांत एक, आणि तोही सहसा उतारवयात. तरी त्या पुढे झुकल्या होत्या. पोरीच्या उजव्या हाताच्या बोटांवरून त्यांची नजर हलत नव्हती, आणि आपण श्वास रोखून धरलाय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

वैजयंतानं मान वर केली. भामाबाईंकडे नाही, भावाकडेही नाही, तिनं थेट डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

"बाई, तुमी बी वाट बघताय व्हय?"

चारुशीलाबाईंनी चटकन नजर खाली वळवली. खाली त्यांचे स्वतःचे हात होते. बराच वेळ त्या त्यांच्याकडेच बघत राहिल्या.