बापाच्या बाजूचं रक्त

“माज्या रगताला कुनी हात लावायचा न्हाई,” चतुराबाई म्हणाल्या आणि आत्ताच पुसलेली फरशी पुन्हा पुसायला घेतली.

सून आम्रपाली चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून नुकतीच आली होती. “आई, सोमवारी नमुना गेला नाही तर अंजलीची जागा दुसऱ्या पोराला देतील.”

दोन वर्षांच्या अंजलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाचं काम चालवणारा एक जीनच बिघडलेला. त्याची चांगली प्रत थेट कानात सोडायची, अशा उपचाराच्या चाचणीत तिची निवड झाली होती. पण एक बिघाड आईकडून आणि एक बापाकडून आलाय, हे आधी कळायला हवं. आम्रपालीचं रक्त तपासून झालं होतं. बाप धम्मरत्न ट्रकखाली गेलेला, आजोबा त्याच्याही आधी. डॉक्टर म्हणाले, आता आजीचं द्या.

“माज्या धम्माला भिंतीपल्याडची कुजबूज ऐकू यायची. खोट तुज्या म्हायेरची!”

“माझ्याकडची निघाली, मी लपवली का? तुमच्याकडची निघेल म्हणून भ्यायलात. अंबूमावशी बहिऱ्याच आहेत ना?”

“ती तापानं झाली. कितींदा सांगू?”

अंबू ही चतुराबाईंची धाकटी बहीण. लग्न नाही, सगळी हयात थेरगावच्या याच घरात गेली. दारात बसून ती शेंगा सोलत होती आणि अंजली तिच्या हातवाऱ्यांना खिदळत होती.

“तुमच्या नाकापायी पोरीचे कान जाऊ द्या मग,” आम्रपाली म्हणाली.

एरवी या बोलण्याला चतुराबाईंनी सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्या नुसत्या आत-बाहेर करत राहिल्या. चहा ठेवला तो उतू गेला.

तेवढ्यात अंजली उठून गल्लीत उतरली. एक टेम्पो हॉर्न वाजवत मागे येत होता. अंबूची मान शेंगांत. “अंजे!” चतुराबाई किंचाळल्या. पोरगी वळली नाही.

त्या अनवाणीच धावल्या. झग्याला धरून पोरीला ओढली, तेव्हा टेम्पोची फळी त्यांच्या कोपराला घासून गेली.

“येते सोमवारी,” धापा टाकत त्या सुनेला म्हणाल्या. “आता गप ऱ्हा.”

सोमवारी दवाखान्यात त्यांनी अंबूलाही आणलं.

“मावशींना कशाला?” आम्रपालीनं विचारलं.

“घरी एकटी काय करंल?”

सिस्टरनं सुई काढली. “या आजी, बाही वर करा.”

चतुराबाईंनी अंबूला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. तिच्यासमोर हातांनी सावकाश काही खुणा केल्या. अंबू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग अंजलीकडे बघितलं, आणि तिनं बाही वर केली.

“अहो, मावशीचं नाही चालत,” सिस्टर म्हणाली. “मुलीच्या बापाच्या आईचंच लागतं.”

“व्हय,” चतुराबाई म्हणाल्या, “तिचंच घे.”