चाखून घातलेलं मीठ

खोलीमालकाने दुसरा घास घेतला, सावकाश चावला आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला. तिसरा घास काही त्याने घेतला नाही. ताटातल्या भाजीकडे तो नुसता बघत राहिला.

ती समोर फडक्याला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसणं चालूच होतं. आजच्या या ताटावर सगळं अवलंबून होतं. खोलीमालकाने अट घातली होती, "आधीच्या दोघांनी इथे खानावळ काढली आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. तुमच्या हातचं जेवतो. पटलं तर खोली तुमची, नाही तर चावी परत."

आपली खानावळ असावी हे तिच्या डोक्यात लग्नाआधीपासून होतं. आता कुठे ती हात धुऊन मागे लागली होती. भिंती स्वतः रंगवल्या. परवान्यासाठी चार खेपा घातल्या. नवरा सुतार, त्याने जुन्या दारांची पाच टेबलं करून दिली. आणि मागच्या शनिवारी तिने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली बावीस वर्षांची नोकरी सोडली. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटांचा अळणी स्वयंपाक तिच्याकडे असायचा. मीठ घातलं तर चिमूटभर, तेही मोजून. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, आणि मावशीच्या हाताला चव आहे असंही म्हणत. आजाऱ्यांनी केलेलं कौतुक फार मनावर घेऊ नये, पण हे तिला सांगणार कोण?

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"भाजी अगदी बेताची शिजलीय. मसालाही छान पडलाय," खोलीमालक म्हणाला आणि गप्प बसला.

शेजारी बसलेल्या नणंदेला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. तिने डाळ चाखली, भाजी चाखली, पुन्हा डाळ चाखली.

"वहिनी, मीठ विसरलीस का गं?"

"काहीतरीच काय! चाखून घातलंय. भाजीत, डाळीतसुद्धा."

"चाखून?" खोलीमालकाने मान वर केली.

"मग! चाखल्याशिवाय मी भांडं खाली उतरवतच नाही."

"विसरलीच असशील गं, गडबडीत होतं असं," नणंद घाईघाईने म्हणाली आणि टेबलाखालून तिला पायाने ढोसलं.

"नाही हो, विसरले नाही." आपल्या कामाचा अभिमान असलेल्या माणसाला सुटायची वाट दाखवली तरी दिसत नाही.

खोलीमालक उठला. "विसरला असतात तर मी उद्या पुन्हा आलो असतो, बाई." त्याने हात धुतले, खिळ्यावरची चावी काढून घेतली. "मनाला लावून घेऊ नका. हात चांगला आहे तुमचा." माणूस वाईट नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. नणंद त्याची समजूत घालत त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली.

दारात नवरा उभा होता. एकीत एक अडकवलेल्या चार खुर्च्या त्याच्या हातांत होत्या. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"तुम्ही तरी चाखून सांगा," ती म्हणाली.

त्याने चाखलं नाही. खुर्च्या खाली ठेवल्या, शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. पुडीत मीठ होतं.

"खिशात असतं," तो खाली बघत म्हणाला. "तू ताट वाढून पाय धुवायला जायचीस, तेवढ्यात टाकून घ्यायचो. आज पातेल्यांतच टाकणार होतो. तू खुर्च्या आणायला पिटाळलंस."

"आणि उद्या? परवा?"

"रोज टाकलं असतं. मी कुठे जाणार होतो?"

ती खुर्चीत बसली. "इतकी वर्षं! एकदा तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला?"

"एकदा सांगणारच होतो. त्या दिवशी तुझा कुणी पेशंट गेला होता. रडत घरी आलीस, रडतच स्वयंपाक केलास. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग ते राहूनच गेलं."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा. दुपारचं जेवण ती हॉस्पिटलातच, त्याच पातेल्यांतलं जेवत आली होती. जिभेने बिचारीने शिकवलं ते मुकाट्याने शिकून घेतलं होतं. आता या वयात तिला दुसरं काही शिकवायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची?

मग ती उठली, डाळीचं पातेलं पुढे ओढलं, चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि पळी त्याच्यासमोर धरली. त्याने चाखलं, मान हलवली. तिने आणखी टाकलं. पुन्हा मान हलली. पुडी निम्मी रिकामी झाली.

"आता?"

"आता बरोबर."

"नक्की?"

"अगदी बरोबर. असंच असतं जेवण."

तिने पळीतली डाळ तोंडात घेतली. पोहताना समुद्राचं पाणी नाकातोंडात जावं तसं झालं. थुंकून टाकावंसं वाटलं, पण तो समोर उभा राहून तिच्याकडेच बघत होता. डोळे भरून आले. तिने घोट गिळला.

"छान झालीय," ती म्हणाली.