काँक्रीटला मानवणारी हवा

"आज नाही जमायचं, आर्डिस. रात्री पाणी गोठणार म्हणतात," ऑर्विल फोनवर म्हणाला. "ताजं काँक्रीट गोठलं की संपलंच. आता थंडी सरल्यावरच बघू."

आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं. ऑक्टोबर असूनही नर्सिंग होमच्या हिरवळीवर म्हातारे नुसत्या सदऱ्यांत बसले होते. टीव्हीवरची बाई तर आठवडाभर अशीच उबदार हवा राहणार म्हणून हरखून गेली होती.

"कोण म्हणतं गोठणार?"

"म्हणतात," ऑर्विल म्हणाला आणि कॉफी उतू जातेय असं सांगून त्याने फोन ठेवला.

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, आर्डिसची उजवी बाजू गेली आणि ती चाकाच्या खुर्चीत बसली. तिला घरी न्यायला कुणाची ना नव्हती. अडचण एवढीच, की रस्त्यापासून दारापर्यंत सगळी खडी, आणि खडीतून खुर्ची ढकलता येत नाही. ऑर्विलने तिचा हात धरून सांगितलं होतं, "पक्का ड्राइव्हवे घालतो आणि तुला नेतो." जन्मभर दुसऱ्यांच्या दारात काँक्रीट ओतलेला माणूस तो. त्याला कितीसं अवघड? पण मेमध्ये बर्फ वितळून जमीन लिबलिबीत झालेली. जुलैत ऊन एवढं, की काँक्रीट वरून सुकेल नि आत कच्चं राहील. सप्टेंबरात पाऊस, वरचं सिमेंट धुपून जाईल. आर्डिसला दर वेळी पटत गेलं. तिने सगळा संसार त्याचे सिमेंटने माखलेले बूट खरवडण्यात काढला होता. आभाळाकडे बघून काम पुढे ढकलणारा नवरा तिला नवा नव्हता.

पण आज? थोडं ऊन, थोडे ढग, वारा पडलेला. काँक्रीटने मागून घ्यावी अशी हवा! म्हातारा विसरायला लागला की काय? की एकट्याने होत नाही म्हणून लाजतोय? तिने डाव्या हाताने लॉइडला फोन लावला. लॉइड म्हणजे ऑर्विलचा कामातला जुना जोडीदार.

"लॉइड भावोजी, आजच मिक्सरची गाडी बोलवा. माणसं घ्या. ऑर्विलला मी बघते."

पलीकडे लॉइडने खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"हवा बरी आहे खरी," लॉइड म्हणाला. "पण वारा सुटेलसं वाटतं, वहिनी."

"अहो, झाडाचं पान हलत नाहीये!"

"हो ना. पण सुटेल."

पुरुषांच्या नादी लागण्यात अर्थ नाही असं म्हणत तिने पेगीला हाक मारली. पेगी ऑर्विलची भाची, तिथेच कामाला होती. खुर्चीसकट माणूस चढवता येईल अशी मोठी गाडी तीच चालवायची.

"पेगी, मला घरी घेऊन चल. उभं राहून काम करून घेते त्याच्याकडून."

"आज कशाला गं मामी? गारठा आहे बाहेर."

"स्वतः बिनबाह्यांची फिरतेयस आणि मला गारठा सांगतेस?"

पेगी लाल झाली. या मुलखात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. जे बोलवत नाही ते हवेवर ढकलतात आणि मोकळे होतात. आर्डिस इथलीच, तिला हे कळायला हवं होतं. पण घरी जायची आशा लागली की माणसाला काही दिसत नाही. पेगी मुकाट्याने किल्ल्या घेऊन आली.

वाटेत आर्डिस बडबडत होती. बर्फ पडायच्या आत स्वतःच्या पलंगावर झोपेन म्हणाली. सकाळी ऑर्विलची भांडी आपटण्याची खुडबुड ऐकेन म्हणाली. गाडी टपालपेटीपाशी वळली तशी तिने धक्क्यांसाठी खुर्चीचा हात घट्ट धरला.

धक्के बसलेच नाहीत. खडी वाजली नाही. गाडी अलगद दारापर्यंत गेली आणि थांबली.

पेगीने बाजूचा दरवाजा सरकवला. आर्डिसने खाली पाहिलं. काँक्रीट. ऑर्विलच्याच हातचं, ते तिने लगेच ओळखलं. सगळा उन्हाळा ऊन खाऊन पांढरं पडलेलं. मधल्या खाचांत गवत उगवलेलं, त्याच्या गाडीच्या तेलाचे डाग पडलेले. दारातल्या पायऱ्या जाऊन तिथे खुर्चीपुरता उतार आला होता. उताराला कठडा होता आणि तो डाव्या हाताला होता. तिचा चालणारा हात डावा.

"मेमध्येच घातला, मामी," पेगी पुटपुटली. "मामाने नि लॉइडकाकांनी मिळून. आम्हाला वाटलं, मामा सांगेल तुला."

म्हणजे मेपर्यंत ती त्याला हवी होती. पुढे त्या घरात त्याला एकट्याची सवय लागली असणार. आपली कॉफी, आपली मासेमारी, रात्री कुणाला कुशीवर वळवायला उठणं नाही. आता ती त्याला घरी नको होती. आर्डिसला संताप आला, आणि तेवढीच लाजही वाटली.

ऑर्विल कप हातात घेऊन दारात आला. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग सवयीने जे यायचं तेच तोंडातून आलं.

"आर्डिस... अगं, अजून ओलं आहे ते."

गाडीचं सगळं धूड त्याच काँक्रीटवर उभं होतं. पेगीने मान खाली घातली. आर्डिसने एक शब्द काढला असता, तर ऑर्विलला तिला आत घ्यावंच लागलं असतं. नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हो का?" ती म्हणाली. "मग चल गं पेगी, चाकं रुतायच्या आत निघू या."