झाऱ्याची सासू

वस्तीच्या समाजमंदिरात बायकांच्या बाहुलीनाट्याची तालीम रंगली होती. घरच्या भांड्यांच्याच बाहुल्या केल्या होत्या. हर्षदाने झाऱ्याला टिकल्यांचे डोळे चिकटवले, जुन्या ओढणीचा पदर दिला आणि तो नाचवत ती सासूच्या ठसक्यात कडाडली, “चहा झाला नाही अजून? झोपा काढतेस का?”

खिदळणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. दारात तिच्या सासूबाईच उभ्या होत्या. “सकाळपासून हा झारा शोधतेय मी!”

हर्षदाच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंनी झारा हातात घेऊन नीट निरखला. “मी एवढी खेकसते होय गं?”



त्यांनी झाऱ्याचा पदर सारखा केला आणि तो आपल्या तोंडापुढे धरला. भोकांतून त्यांचे डोळे हर्षदाकडे बघत होते. झारा हळूच म्हणाला, “बस गं पोरी. आजचा चहा मी टाकते.”