आप्पांची थंडी

"आप्पा, कॅमेरा चुलीकडे नेऊ नका हां! काचेवर वाफ धरेल!"

मृणाली अंगणातून एवढ्यानं ओरडली, की पाण्याच्या हंड्याभोवती बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. बघेनात का! थंडीत शूटिंग कसं करावं, याचे सापडतील तेवढे व्हिडिओ बघून ती आली होती. जादा बॅटऱ्या तिनं शाळेच्या स्वेटरच्या आत, पोटाशी ठेवल्या होत्या, कारण गारठलेली बॅटरी भरलेली असली तरी मान टाकते. कॅमेऱ्यावर दव पडू नये म्हणून आईकडून प्लॅस्टिकची पिशवी मागून आणली होती. नववीतल्या मुलीनं आणखी काय करायचं?

आप्पा म्हणजे तिचे मोठे काका, भागोजी. लग्नांचं शूटिंग करायचं तर आप्पांनीच, असं जयगड बंदराच्या आसपास सगळे म्हणत. म्हणजे म्हणायचे. यंदा माघ लागला तरी आजचं हे पहिलंच लग्न, आणि तेही लांब साखरप्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. धुकं इतकं खाली उतरलं होतं की मांडवातून समोरचा गोठा दिसत नव्हता.

"ये, हे बघ जरा," आप्पांनी कॅमेरा मांडवाच्या खांबाकडे रोखून बघितला आणि तिला बोलावलं.

मृणालीनं छोट्या पडद्यात डोकं घातलं. पडद्यावर खांब हलत होता. खरा खांब जागच्या जागी होता.

"स्टॅबिलायझर बंद राहिला वाटतं," ती म्हणाली आणि तिनं बटणं दाबून पाहिली. तो चालूच होता. "मग ट्रायपॉडवर लावू या?"

"हळदीत ट्रायपॉड? बायका पायात अडकून पडतील. थंडी आहे गो. बोटं ऐकत नाहीत."

तेवढ्यात नवरीचे मामा, केरूमामा, कानाला मफलर गुंडाळून आले. "काय आप्पा, कापताय काय? बंदरावरची माणसं तुम्ही, तुम्हाला थंडी कसली ठाऊक! पण शूटिंग नीट घ्या हां. आमच्या हर्षदच्या लग्नाचं बघताना म्हातारीला घाटात गाडी लागते तसं झालं. घरात बसून उलटी केलीन!"

बायका फिसकन हसल्या. आप्पाही हसले.

"तेव्हापण थंडीच होती हो," आप्पा म्हणाले.

"असेल. पुढच्या महिन्यात आमच्या संदेशचं आहे. आजचं बघतो, मग तुम्हाला सांगतो."

मामा गेले. आप्पांनी कॅमेरा मृणालीच्या हातात दिला. "धर. मी हात शेकून येतो."

ते चुलीपुढे उकिडवे बसले. जाळावर तळवे धरले, उलटे केले, पुन्हा धरले. कुणीतरी चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला. बऱ्याच वेळानं उठून आले आणि कॅमेऱ्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

"थांबा, मी चोळून देते," असं म्हणून मृणालीनं कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

हात गरम होते. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखे. गार होते ते तिचेच. आणि ते गरम हात कापत होते. होडीचं इंजिन चालू असताना फळीवर हात टेकला की लागतं ना, तसं, बारीक आणि न थांबता.

हर्षदचं लग्न तर मे महिन्यात झालं होतं. त्या लग्नात मृणालीनं तीन आइस्क्रीमं खाल्ली होती.

तिनं ते हात चोळायला घेतले. आप्पांनी हात सोडवून घेतले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले.

"थंडी आहे ना गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहेच की," मृणाली म्हणाली. "केवढी!"

"ओ शूटिंगवाले!" मांडवातून हाक आली. "नवरीला पाटावर बसवली. या लवकर, सानवी कुडकुडतेय!"

मृणालीनं कॅमेरा उचलला, स्वेटरच्या आतली उबदार बॅटरी काढून त्यात घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केरूमामा, आप्पांचे हात गारठलेत. हळद मी घेते."

"तुला जमेल काय गो?"

"न जमायला काय झालं? आप्पांनीच शिकवलंय. आणि चुकलं तर आप्पा आहेत की मागे."

मामांनी एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "बरं बाय. घे."

बायकांनी हळदीचं गाणं सुरू केलं. मृणाली पाटासमोर गुडघ्यावर बसली. आप्पा तिच्या मागे वाकून उभे राहिले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"लगेच तोंडावर जाऊ नको," ते तिच्या कानाशी म्हणाले. "पायांपासून सुरुवात कर. मग हळदीची वाटी. मग सावकाश वर. घाई नाही कसली."

तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पडद्यावर पाट आला, पाटावरचे सानवीचे पाय आले. पाय स्थिर होते, चित्र हलत होतं. मृणालीनं कोपरं पोटाशी घट्ट धरली, श्वास रोखला. तरी ते हलतच होतं, बारीक आणि न थांबता.

आप्पांनीही पडद्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरचा हात त्यांनी अलगद काढून घेतला.